वाऱ्याची नजर शोधणारा दिग्दर्शक

शिडाची नौका वेगाच्या विक्रमासाठी पाण्यात उतरते, तेव्हा तिच्यापुढे मोजून आखलेले पाचशे मीटरचे अंतर असते. २०१२ साली नामिबियातील वॉल्विस बे येथे पॉल लार्सन या ऑस्ट्रेलियन नाविकाने 'सेलरॉकेट' या नौकेतून हे अंतर सरासरी ६५.४५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १२१ किलोमीटर वेगाने पार केले. सारा खेळ जेमतेम पंधरा सेकंदांचा. किनाऱ्यावरून पाहणाऱ्याच्या हाती अशा वेळी फार काही लागत नाही. पाण्याचा एक फवारा इकडून तिकडे गेला, एवढेच त्याला दिसते. वाऱ्याने पाण्यावर उमटवलेल्या सुरकुत्या, त्यांना छेदत जाणारी नौका आणि तिच्यामागे उरलेली फेसाची सरळ रेघ, हे सारे एकत्र दिसते ते फक्त आकाशातून.

परंतु आकाशातून चित्रण करणे ही सोपी गोष्ट नाही. हेलिकॉप्टर नौकेच्या फार जवळ नेले, तर त्याच्या पात्यांचा झोत शिडातला वारा बिघडवतो आणि ज्या विक्रमाचे चित्रण करायचे तो विक्रमच धोक्यात येतो. दूर राहावे, तर लांब पल्ल्याचे भिंग लावावे लागते. आणि असे भिंग लावले की हेलिकॉप्टरची बारीकशी थरथरही पडद्यावर भूकंपासारखी भासते. आज स्थिर राहणारी यंत्रणा आणि ड्रोन यांमुळे हा पेच पुष्कळसा सुटला आहे. पण १९५० च्या दशकाच्या अखेरीस, या साऱ्या सोयी नसताना, फ्रान्समधील एका दिग्दर्शकाने त्याचा ध्यास घेतला होता. त्यांचे नाव आल्बेर लामोरिस. जग त्यांना ओळखते ते 'लाल फुगा' या चौतीस मिनिटांच्या चित्रपटामुळे. मात्र त्यांच्या आयुष्याची खरी ओढ फुग्याकडे नव्हती, तर फुग्याला जिथून जग दिसते त्या जागेकडे होती. ती जागा त्यांना सापडली, आणि तिने त्यांचा प्राणही घेतला.

पाणथळ भूमीतला घोडा

लामोरिस यांचा जन्म १३ जानेवारी १९२२ रोजी पॅरिसमध्ये झाला. माहितीपट आणि लघुपट यांतून त्यांची वाटचाल सुरू झाली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस ट्युनिशियाच्या जेर्बा बेटावर त्यांनी एक माहितीपट केला. त्यानंतर आला 'बिम', एका लहानशा गाढवाची गोष्ट. तिचे निवेदन झाक प्रेव्हेर या नामवंत कवीने लिहिले होते. मूल, प्राणी आणि मोकळे आभाळ ही लामोरिस यांच्या चित्रपटांची त्रयी इथेच आकाराला आली.

१९५३ साली आलेल्या 'क्रँ ब्लाँ' या लघुपटाने त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. दक्षिण फ्रान्समधल्या कामार्ग या पाणथळ प्रदेशात आजही पांढरे घोडे मोकाट फिरताना दिसतात. तिथला एक कोळ्याचा पोर आणि माणसाला वश न होणारा एक रानटी घोडा यांची ही कथा. घोडा मुलाला दोरीने चिखलापाण्यातून फरफटत नेतो, तरी मुलगा दोर सोडत नाही, आणि अखेर घोडा त्याचा होतो. शेवटी पाठलाग करणाऱ्या माणसांना चुकवून दोघेही समुद्रात शिरतात आणि लाटांत दिसेनासे होतात. कान चित्रपट महोत्सवात लघुपटांसाठीचे सर्वोच्च पारितोषिक या चित्रपटाला मिळाले, तसेच फ्रान्समधला मानाचा झाँ व्हिगो पुरस्कारही.

आंद्रे बाझाँ या फ्रेंच समीक्षकाने लामोरिस यांच्या या काळातल्या चित्रपटांवर एक लेख लिहिला. चित्रपटाच्या संकलनाविषयीच्या चर्चेत तो आजही वाचला जातो. बाझाँ यांचा मुद्दा थोडक्यात असा, की मूल आणि घोडा हे एकाच चौकटीत, एकाच वेळी खरोखर समोरासमोर आहेत, हे दिसल्यावाचून या गोष्टीवर विश्वास बसत नाही. दोन वेगळे तुकडे जोडून ही जवळीक दाखवली असती, तर ती नुसती चलाखी ठरली असती. पडद्यावरचा एक घोडा प्रत्यक्षात अनेक घोडे मिळून साकारलेला असला, तरी जिथे घोडा आणि मूल एकत्र दिसणे आवश्यक होते तिथे ते एकत्रच होते. अद्भुत घडावे ते खऱ्या जागेत, खऱ्या हवेत, ही लामोरिस यांची श्रद्धा होती. पुढे त्यांना आकाशात घेऊन गेली तीच श्रद्धा.

लाल फुगा

१९५६ साली 'ल बालों रूज' अर्थात 'लाल फुगा' प्रदर्शित झाला. पॅरिसच्या मेनिलमाँताँ या चढउतारांच्या, जुन्या घरांच्या वस्तीत एका शाळकरी मुलाला दिव्याच्या खांबाला अडकलेला लाल फुगा सापडतो. फुगा त्याच्यामागून चालू लागतो, शाळेबाहेर त्याची वाट पाहतो, खिडकीशी घुटमळतो. मुलाची भूमिका लामोरिस यांचा मुलगा पास्काल याने केली होती. निळा फुगा घेऊन जाणाऱ्या छोट्या मुलीच्या भूमिकेत त्यांची मुलगी साबीन होती. छायाचित्रण 'क्रँ ब्लाँ'प्रमाणेच एद्माँ सेशाँ यांचे होते. करड्या, मळकट भिंतींच्या पार्श्वभूमीवर तो एकच गडद लाल ठिपका. पुढे त्या वस्तीचा बराचसा भाग पाडून तिथे नव्या इमारती उभ्या राहिल्या, त्यामुळे हा चित्रपट हरवलेल्या पॅरिसचा दस्तऐवजही ठरला.

या चित्रपटात संवाद जवळजवळ नाहीतच. तरीही १९५७ सालच्या सोहळ्यात त्याला उत्कृष्ट मूळ पटकथेचे ऑस्कर मिळाले. त्या वर्षी त्याच गटात फेलिनी यांचा 'ला स्त्रादा' होता, 'द लेडीकिलर्स'ही होता. संवादांनी भरलेल्या पूर्ण लांबीच्या पटकथांना मागे टाकून एका मुक्या फुग्याने हा मान मिळवला. लघुपटांच्या खास गटाबाहेर ऑस्कर पटकावण्याचा असा प्रसंग पुन्हा कोणत्याही लघुपटाच्या वाट्याला आलेला नाही. कानचे लघुपटांसाठीचे सुवर्णपदकही त्याला मिळाले होतेच.

चित्रपटाचा शेवट अनेकांच्या स्मरणात आहे. टवाळ पोरे बेचक्यांनी मारून लाल फुगा फोडतात. मग पॅरिसभरचे फुगे आपापल्या दोऱ्या सोडवून त्या मुलाकडे धावून येतात आणि त्याला उचलून आभाळात नेतात. चित्रपट तिथेच संपतो. मुलगा वर गेला, पण वरून त्याला काय दिसले? प्रेक्षकांपैकी किती जणांना हा प्रश्न पडला असेल कोण जाणे. पण दिग्दर्शकाला तो पडला होता, असे त्यांची पुढची चौदा वर्षे पाहता म्हणावे लागते.

जग जिंकण्याचा खेळ

याच सुमारास लामोरिस यांच्या हातून आणखी एक निर्मिती झाली. ती त्यांच्या चित्रपटांपेक्षाही अधिक घरांत पोहोचली. पण ती त्यांची आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९५७ साली फ्रान्समध्ये मिरो या कंपनीने 'ला काँकेत द्यू माँद' म्हणजे 'जगावर विजय' या अर्थाचा एक बैठा खेळ बाजारात आणला. जगाचा नकाशा, त्यावर मांडलेले सैन्य, आणि फाशांच्या दानावर ठरणारी युद्धे. अमेरिकेतल्या पार्कर ब्रदर्स कंपनीने हा खेळ घेतला आणि १९५९ साली तो 'रिस्क' या नावाने विकायला सुरुवात केली. आज मुंबई-पुण्यातल्या मुलांच्या कपाटातही तो सापडतो.

फुग्यावर माया करणाऱ्या माणसाने युद्धाचा खेळ रचावा, याचे आश्चर्य वाटते. पण दोन्हींत एक धागा समान आहे, तो म्हणजे वरून पाहण्याचा. पृथ्वीकडे वरून पाहण्याच्या इतिहासालाच या दोन बाजू आहेत. १८५८ साली नादार या फ्रेंच छायाचित्रकाराने फुग्यात बसून पॅरिसजवळ पहिले हवाई छायाचित्र घेतले ते कुतूहलापोटी. १९०९ साली रोमजवळ विल्बर राइट यांच्या विमानातून पहिले चलतचित्रण झाले तेही नवलाईपोटी. मात्र त्यानंतर पाच-सहा वर्षांतच पहिल्या महायुद्धात हवाई छायाचित्रण हे शत्रूचे खंदक मोजण्याचे साधन बनले. सेनापतीला वरून दिसतो तो नकाशा. तो त्याला जिंकायचा असतो. वाऱ्याला वरून दिसते ते केवळ जग. त्यावरून त्याला वाहत जायचे असते. खेळात लामोरिस यांनी पहिली नजर वापरली. चित्रपटात त्यांना दुसरी हवी होती.

थरथर घालवण्याची खटपट

ही दुसरी नजर मिळवायची कशी? विमान फार वेगाने जाते आणि ते एका जागी थांबू शकत नाही. फुग्यात बसून चित्रण करावे, तर फुगा जाईल तिकडे जावे लागते. शिवाय फुग्यात बसलेल्या माणसाला स्वतःचा फुगा दिसत नाही. राहता राहिले हेलिकॉप्टर. १९५५ साली फ्रान्समध्ये 'अलुएट' मालिकेतल्या टर्बाइनवर चालणाऱ्या हेलिकॉप्टरचे पहिले उड्डाण झाले आणि थोड्याच काळात ते जगभर नावाजले गेले. याच मालिकेतले पुढचे हेलिकॉप्टर भारतात बंगळुरूच्या कारखान्यात 'चेतक' या नावाने तयार होऊ लागले. हेलिकॉप्टर तरंगते, मागे सरकते, वळते, उंच-खाली होते. कॅमेऱ्याला हवे ते सारे त्याला येते. येत नाही ती एकच गोष्ट, स्वस्थ राहणे. फिरणाऱ्या पात्यांची आणि इंजिनाची थरथर सांगाड्यातून कॅमेऱ्यात उतरते. कॅमेरा हातात धरला तर माणसाच्या अंगातून ती येते. घट्ट बांधला तर अधिकच येते.

लामोरिस यांनी यावर जी यंत्रणा उभी केली, तिला 'हेलिव्हिजन' असे नाव मिळाले. कॅमेरा सांगाड्याला जखडून न टाकता, थरथर झेलून घेणाऱ्या बैठकीवर तो समतोल राखून तोलून धरायचा, आणि चालकाने तो अलगद फिरवायचा, हे तिचे सूत्र. हेलिकॉप्टर हलले तरी कॅमेऱ्याने आपली नजर ढळू द्यायची नाही. हे सारे आज साधे वाटते. त्या काळी मात्र मोठ्या पडद्यावर दहा-दहा सेकंद न थरथरता सरकणारे हवाई दृश्य हीच अपूर्वाई होती.

या यंत्रणेने चित्रित झालेला पहिला मोठा चित्रपट म्हणजे १९६० सालचा 'ल व्हॉयाज आँ बालों', अर्थात 'फुग्यातून प्रवास'. एक हौशी संशोधक आजोबा स्वतःच्या फुग्यातून उड्डाणाला निघतात आणि त्यांचा नातू ऐनवेळी टोपलीत चढून बसतो. नातवाच्या भूमिकेत पुन्हा पास्कालच होता. लाल फुग्याने ज्या मुलाला आभाळात नेले, तोच जणू चार वर्षांनी फ्रान्सवरून तरंगताना दिसतो; आणि या वेळी त्याला जे दिसते ते प्रेक्षकालाही दिसते. गावे, किल्ले, अरण्ये, समुद्रकिनारे, हिमाच्छादित डोंगर, कामार्गचे घोडे. अमेरिकेत दाखवलेल्या आवृत्तीसाठी जॅक लेमन या लोकप्रिय अभिनेत्याने निवेदन केले.

हवेतला फुगा आणि पाण्यातले शीड यांची जात एकच. दोन्ही वाऱ्याच्या आज्ञेत चालतात आणि दोन्हींना हेलिकॉप्टरचा झोत सोसत नाही. म्हणून फुग्याचे चित्रण करताना वैमानिकाला अंतर राखावे लागते, वाऱ्याची दिशा ओळखावी लागते, आणि फुगा पुढच्या क्षणी कुठे असेल याचा अंदाज बांधून आपली जागा घ्यावी लागते. यातले काहीच पडद्यावर दिसत नाही. हवाई चित्रणाची किमया हीच, की ते जितके चांगले साधते तितके ते करणारे यंत्र नाहीसे होते. प्रेक्षकाला वाटते, आपणच तरंगत आहोत. आणि यंत्राबरोबर त्याचा धोकाही प्रेक्षकाच्या मनातून नाहीसा होतो.

कथेच्या दृष्टीने हा चित्रपट 'लाल फुग्या'इतका घट्ट विणलेला नाही. दृश्यांच्या मोहापुढे गोष्ट काहीशी सैल पडते. १९६५ साली आलेल्या 'फिफी ला प्ल्यूम'मध्ये एक भुरटा चोर सर्कशीत शिरतो आणि पंख लावून उडायला शिकतो. हाही चित्रपट पूर्वीच्या यशाची उंची गाठू शकला नाही. पण उडण्याचे वेड कायम होते. १९६७ च्या सुमारास त्यांनी व्हर्सायवर आणि पॅरिसवर लघुपट केले. पॅरिसवरच्या लघुपटाचे नावच 'कधी न पाहिलेले पॅरिस' अशा अर्थाचे होते. कोट्यवधी लोकांनी पाहिलेले शहर कोणीच पाहिलेले नाही, हा त्यामागचा दावा. आणि हेलिकॉप्टर जेव्हा कळसांच्या, छपरांच्या, पुतळ्यांच्या अगदी जवळून सरकते तेव्हा तो पटतो.

वाऱ्याने सांगितलेला देश

१९६० च्या दशकाच्या अखेरीस इराणच्या संस्कृती मंत्रालयाने त्यांच्याकडे त्या देशावरचा एक चित्रपट सोपवला. शाह मोहम्मद रझा पहलवी यांच्या राजवटीचा तो काळ. लामोरिस यांनी यासाठी जी कल्पना योजली ती त्यांच्या साऱ्या आयुष्याचा सारांश म्हणावी अशी होती. या चित्रपटात माणूस निवेदक नाही. इराणवरून वाहणारा वाराच देशाची गोष्ट सांगतो. फारसी कवितेत 'सबा' हा प्रियकराचा निरोप प्रेयसीपर्यंत नेणारा मंद वारा. उर्दू गझलेच्या वाचकांनाही तो परिचित आहे. चित्रपटाचे नाव त्यावरूनच पडले, 'ल व्हाँ देझामूरो', म्हणजे प्रेमिकांचा वारा. त्याच्या जोडीला विध्वंस करणारे, तांबड्या धुळीचे असे दुसरेही वारे आहेत.

निवेदक वारा असल्यावर कॅमेरा जमिनीवर उभा राहून कसे चालेल? चित्रपटाचा फार मोठा भाग हेलिकॉप्टरमधूनच चित्रित झाला. वाळवंटातल्या मातीच्या वस्त्या, घुमटांच्या रांगा, डोंगरांच्या कडा, घोडे आणि कळप, सारे काही वाऱ्याच्या उंचीवरून, वाऱ्याच्या लहरीने समोर येते. कॅमेरा कधी जमिनीला घासून जातो, कधी एकदम उसळी घेतो. पंधरा वर्षांपूर्वी ज्या प्रश्नापाशी 'लाल फुगा' थांबला होता, त्याचे उत्तर आता पुरते मिळाले होते. इथे फुगाही उरला नव्हता, मुलगाही नव्हता. उरली होती फक्त नजर.

करजचे धरण

चित्रपटाच्या निर्मितीची जी हकीकत सांगितली जाते तीनुसार, सरकारी अधिकाऱ्यांना या इराणमध्ये एक उणीव जाणवली. जुना देश सुंदर दिसत होता, पण शाहच्या राजवटीला अभिमान होता तो नव्या देशाचा. कारखाने, रस्ते, धरणे यांचा. ते चित्रपटात यावे, अशी अपेक्षा होती. तेहरानच्या वायव्येस डोंगरात करज नदीवर १९६१ साली पूर्ण झालेले कमानदार काँक्रीटचे धरण हे त्या नव्या इराणचे मानचिन्ह होते. सुमारे १८० मीटर उंचीचे हे धरण अरुंद दरीत उभे आहे.

अशा दरीत कमी उंचीवर हेलिकॉप्टर नेणे कोणत्याही वैमानिकाची कसोटी पाहणारे असते. डोंगराच्या राखी-तपकिरी पार्श्वभूमीवर हवेत ताणलेली तार ती अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. वारा तारेतून सहज निघून जातो. हेलिकॉप्टरला ते जमत नाही. २ जून १९७० रोजी धरणाच्या परिसरात चित्रण चालू असताना लामोरिस यांचे हेलिकॉप्टर तारांत अडकून कोसळले आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे वय अवघे ४८ वर्षे होते.

या मृत्यूत एक विलक्षण विरोधाभास आहे. वर्षानुवर्षे ज्या माणसाने पडद्यावरून यंत्र नाहीसे करण्यासाठी कष्ट घेतले, त्याला यंत्रानेच गाठले. आणि तेही वाऱ्याच्या गोष्टीत मुळात नसलेले यंत्रयुगाचे दृश्य टिपताना. 'क्रँ ब्लाँ'मधला मुलगा लाटांत नाहीसा झाला, 'लाल फुग्या'तला मुलगा आभाळात. दिग्दर्शकाने दोघांनाही पडद्यावर मरू दिले नाही. त्यांना कुठल्यातरी अधिक दयाळू जगाकडे पाठवले. त्यांच्या स्वतःच्या बाबतीत मात्र अशी सोय नव्हती.

मागे उरलेले

अपुरा राहिलेला चित्रपट वाऱ्यावर सोडून देण्याची त्यांच्या कुटुंबाची तयारी नव्हती. लामोरिस यांनी करून ठेवलेल्या टिपणांच्या आधारे त्यांच्या पत्नीने आणि पास्कालने तो पूर्ण केला. लाल फुग्यामागे धावणारा तो मुलगा एव्हाना मोठा झाला होता. वडिलांनी ज्याला दोनदा आभाळ दाखवले, त्याच्यावर आता वडिलांनी शेवटचे पाहिलेले आभाळ जुळवण्याची वेळ आली होती. १९७८ साली चित्रपट पूर्ण होऊन प्रदर्शित झाला आणि उत्कृष्ट माहितीपटाच्या ऑस्करसाठी त्याला नामांकन मिळाले. पुढच्याच वर्षी इराणमध्ये क्रांती झाली आणि ज्या राजवटीच्या इच्छेने हा चित्रपट निघाला ती राजवट इतिहासजमा झाली. जे जुने इराण चित्रपटात जास्तच झाले असे वाटले होते, तेच आज प्रेक्षकाला खिळवून ठेवते.

'लाल फुगा' मात्र जगभरच्या मुलांसमोर उडतच राहिला. २००७ साली तैवानचे दिग्दर्शक हौ शाओ-शिएन यांनी त्याला मानवंदना देणारा एक चित्रपट पॅरिसमध्ये केला. हवाई चित्रणाचे तंत्र लामोरिस यांच्या बैठकीच्या कितीतरी पुढे गेले. स्वतःभोवती गरगरत तोल सांभाळणाऱ्या चक्रांवर बसवलेले कॅमेरे आले, मग दूरनियंत्रणाने फिरणारे गोल आले, आणि अखेर मुठीत मावणारी ड्रोन आली. समुद्रात झेपावणारी शिडाची नौका असो वा डोंगरातली सायकल शर्यत, ती चित्रित करायला आता प्रत्येक वेळी माणसाला आभाळात जावे लागत नाही. यंत्र पडले तर यंत्रच फुटते. लामोरिस यांच्या कथेकडे पाहिले, की ही सोय केवढी मोठी आहे ते उमगते.

तरीही एक फरक उरतोच. आज आकाशातून दिसणाऱ्या दृश्यांची इतकी रेलचेल आहे, की त्यांचे नवल वाटेनासे झाले आहे. वरून पाहणे ही नुसती सवय झाली आहे. लामोरिस यांच्या चित्रणात ते एका मुलाला मिळालेले वरदान होते. म्हणून प्रत्येक छप्पर, प्रत्येक कळस, प्रत्येक घोडा पहिल्यांदाच दिसल्यासारखा दिसतो. तंत्राने थरथर घालवता येते. पण वाऱ्याला काय पाहावेसे वाटेल, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.